डेव्हिडमामांची फुंकर

डेव्हिड साळव्यांनी उभ्या जन्मात सगळ्यात जास्त काय केलं असेल, तर फुंकर घातली.

एक्केचाळीस वर्षं. दात घासायचा, फू. कड गोल करायची, फू. खिडकीच्या उजेडात धरून एक डोळा मिटायचा, मनाजोगतं नाही दिसलं की पुन्हा घासायचं, पुन्हा फू. दौंड स्टेशनाजवळच्या गल्लीत त्यांचं एका खोलीचं दुकान. टेबल, मोटर, भिंतीवरचं चर्चचं कॅलेंडर, चहाचा डबा, सगळ्यांवर गुलाबीसर पांढरी भुकटी बसलेली. मेरीमामी म्हणायच्या, "लग्न ठरलं तवा सांगितलं, मुलगा दातांचं काम करतो. इथं येऊन बघते तर पिठाची गिरणी!"

डेव्हिडमामा कवळ्या बनवायचे. ते डॉक्टर नव्हते, आणि कुणी चुकून डॉक्टर म्हटलंच तर घाईनं हात हलवायचे. "डॉक्टर पाडतो, मी बांधतो. दोघांचं खातं निराळं." दौंड-शिरूरकडच्या दवाखान्यांतून प्लास्टरची मापं यायची. मामा त्यावर मेण चढवायचे, मेणात एकेक दात रोवायचे, घासायचे, फुंकायचे. आणि प्रत्येक मापामागं त्यांची एक अट असायची: "पेशंटचा जुना फोटो पाठवा. दात दिसणारा."

इथं खरी पंचाईत. आपल्याकडच्या सत्तरीच्या बाईचा हसतानाचा फोटो कुणाच्या घरात असतो? लग्नातल्या फोटोत मान खाली, आधार कार्डावर तोंड मिटलेलं. वडगाव रासाईच्या ताईबाईंच्या वेळी असंच झालं. घर पालथं घातल्यावर चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतला एक फोटो सापडला. ताईबाई निळा झेंडा धरून घोषणा देतायत, तोंड मोठं उघडलेलं, आणि वरचा एक दात शेजारच्यावर चढलेला. मामांनी कवळीत तो दात तसाच चढवला. डॉक्टर फोनवर खवळले.

"साळवे, एक दात वाकडा बसलाय!"

"बसला न्हाई सर, बसवलाय. सरळ दातांची ताईबाई तिच्या घरात कुणी ओळखायचं न्हाई."

कवळी घालून ताईबाईंनी आरशात पाहिलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या नातीला म्हणाल्या, "अगं, ही तर मीच हाय की."

ती नात म्हणजे करुणा. तेव्हा बारावीत होती. गोष्ट तिच्या डोक्यात राहिली, आणि अकरा वर्षांनी, फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी, ती बिस्किटाचा पत्र्याचा डबा छातीशी धरून मामांच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहिली.

"जय भीम, मामा. ओळखलंत का?"

"सलाम, बाळ. तोंड उघड, मग सांगतो."

करुणा मोठ्यानं हसली. मामांनी चष्मा नाकावर सरकवला.

"ताईबाईची कोण तू? नात. वाकडा दात घरात चालत आलाय. आन् अजून एक सांगू? तुझ्या पुढच्या दातांवर खडूनं ओढल्यासारखे पांढरे पट्टे हायेत. पार मागच्या दाढा मात्र स्वच्छ. म्हंजी चार-पाच वर्षांची होस्तोवर तू बोअरचं वाईट पाणी प्यालीस, आन् नंतर तुझं पाणी बदललं."

करुणा उभी होती ती स्टुलावर बसलीच.

"आम्ही वीटभट्टीवर राहायचो. आई-पप्पा कामाला होते तिथं. मी पाच वर्षांची झाले तेव्हा आजी भांडून मला वडगावला घेऊन आली, शाळेसाठी. आजीनं सांगितलं का तुम्हाला हे?"

"आजी कशाला सांगंल? दातानं सांगितलं. हाड मोडलं तर जुळतं, कातडी फाटली तर भरून येती. दात एकदा घडला की घडला. घडताना जे पाणी, जे अन्न पोटात गेलं, ते त्याच्यात कायमचं बसलं."

"मामा," करुणा हळूच म्हणाली, "मी पुण्यात पाच वर्षं हेच शिकतेय. आणि तुम्ही एका मिनिटात सांगून मोकळे झालात."

"अहो ऐका," मेरीमामी कोपऱ्यातल्या स्टोव्हपासून उठल्या. "पाच वर्षांचं शिक्षण झालं तुमचं. आता तरी मोटरवरची धूळ पुसा."

करुणानं डबा उघडला. कापसात एक दात. तळहाताच्या रुंदीएवढा लांब, चिंचोक्याच्या रंगाचा, अंगावर उभ्या वळ्या. मामांनी हात पुढं केला आणि मधेच थांबवला.

"बैलाचा न्हाई हा. मोठा हाय."

"बैलाच्या कुळातल्याच एका रानटी जनावराचा. नेमकं कुठलं ते अजून ठरायचंय. हजारो वर्षांपूर्वीचा. पोपटमामा, म्हणजे माझा सख्खा मामा, भीमेच्या काठाला मोटरच्या पाइपासाठी खणत होता. खाली दगडासारखी घट्ट झालेली वाळू-खडी लागली, त्यात दोन दात होते."

"आन् दुसरा कुठं हाय?"

करुणानं मान खाली घातली. "माझ्या हातून फुटला. ड्रिलखाली. पापडासारखा."

मग तिनं सगळं सांगितलं. असा दात टोकाकडून मुळाकडं वाढत जातो, वर्ष-सव्वा वर्ष. टोकाचा भाग आधीचा, मुळाकडचा नंतरचा. म्हणजे वरून खाली त्या जनावराचं एक अख्खं वर्ष ओळीनं लावून ठेवलेलं. इनॅमलवर आडव्या बारीक ओळी कोरायच्या, प्रत्येक ओळीची भुकटी वेगळ्या नळीत भरायची आणि मशीनला द्यायची. मशीन सांगतं, कुठल्या महिन्यात ते कसलं पाणी प्यालं आणि त्यानं काय खाल्लं.

"पाणी कसं कळतं गं?" मामींनी विचारलं.

"मामी, उन्हाळ्यात डबकं आटतं तेव्हा पाण्यातलं हलकं आधी उडून जातं, जड मागं राहतं."

"आमटी आटली की खारट लागती, तसं."

"अगदी तसं! जनावर ते जड पाणी पितं, ते दातात उतरतं. पावसाळ्याचं पाणी हलकं, ते पुढच्या ओळीत उतरतं. आणि खाण्याचंही तसंच. गवत, ज्वारी, बाजरी, ऊस यांची एक खूण. झाडाचा पाला, हरभरा, गहू यांची दुसरी. म्हणजे तेव्हा इथं भीमेकाठी नुसतं गवत होतं का झाडी होती, पाऊस किती महिने असायचा, हे या एका दाताला माहीत आहे."

"मग विचारा की त्याला."

"त्यासाठीच आलेय. सोमवारी नमुने द्यायचेत. मशीनची तारीख हुकली तर पुन्हा सहा महिने नंबर नाही, आणि माझी फेलोशिप जूनला संपते. आमच्या लॅबमधलं कोरायचं यंत्र बंद पडलंय. हातानं करायला गेले तर…" तिनं कापसाकडं पाहिलं. "माझ्या हाताचा आता मलाच भरवसा नाही. हा एकच उरलाय, मामा. बावीस ओळी. अडीच अडीच मिलिमीटरवर."

मामा दाताकडं बघत राहिले. अलीकडं त्यांच्याकडं मापं कमीच यायची. पुण्याला मशीनवर दात निघतात, फोटोबिटो कोणी मागत नाही. आठवड्यात दोन मोडक्या कवळ्या आल्या तरी पुष्कळ. आणि ही पोरगी तो एकुलता एक दात घेऊन मशीन सोडून त्यांच्याकडं आली होती.

"आधी दुसऱ्या दातावर हात बसवू," ते म्हणाले.

तशी सोय करुणानं करूनच आणली होती. पोपटमामांचा बैल गेल्या वर्षी म्हातारपणानं मेला, त्याचा एक दात. आजच्या जनावराचा आकडा तुलनेला लागणारच होता. मामांनी मोटर लावली, तारेएवढा बारीक बर, म्हणजे कोरायची सुई, बसवला, दात मेणात रोवला. करुणा नळ्या आणि बटरपेपरचे तुकडे मांडून श्वास रोखून बसली.

मोटर गुणगुणली. मामांचा हात टेबलावर टेकला आणि करंगळीच्या आधारावर असा सरकला की करुणाला हालचाल दिसलीच नाही. दिसली ती फक्त ओळ. सरळ, केसाएवढी, कुठं खोल नाही, कुठं उथळ नाही. तिच्या काठाला पांढऱ्या भुकटीची बारीक वरंबी जमली, मुंगीनं ओढून नेली असती एवढीशी.

"वा!" करुणा म्हणाली.

फू.

कागदावर काही नव्हतं. दातावर काही नव्हतं. खिडकीतल्या उन्हात एक धूसर ढग क्षणभर फिरला आणि कॅलेंडरवर जाऊन बसला.

"मामा!"

"काय झालं?"

"तेच तर पाहिजे होतं!"

मामांच्या कानापर्यंत रंग चढला. "अरे देवा. सवय, बाळ. थांब." दुसरी ओळ कोरली. तशीच सुरेख. हात उचलला. फू. मामांनी स्वतःच कपाळावर हात मारला. तिसऱ्या ओळीला करुणा "नाही नाही नाही" म्हणत होती, मामा "न्हाई न्हाई न्हाई" म्हणत होते, आणि तिसऱ्या "न्हाई"च्या टोकाला फुंकर लागलेलीच होती.

"एक्केचाळीस वर्षं ज्याला कचरा म्हणून फुंकलं," मामा खुर्चीत मागं टेकले, "ती वस्तू हाय ही. तोंडाला कोण सांगणार?"

मेरीमामींनी मास्क आणून दिला. मास्क बांधला तर श्वासानं चष्म्यावर धुकं चढलं आणि मामांना दातच दिसेना. चष्मा पुसला, पुन्हा धुकं. मास्क वर चिकटपट्टीनं चिकटवला, तर मिशांत घाम येऊन पट्टी सुटली.

"तोंडात पाणी धरा," मामी म्हणाल्या.

"काय?"

"कांदा चिरताना मी न्हाई का धरत? तोंडात गुळणी असली की माणूस फुंकत न्हाई. बोलत बी न्हाई. माझे दोन फायदे."

"आणि पाणी असताना फुंकलं तर?" करुणानं घाबरून विचारलं. "भुकटी तर जाईलच, दात पण भिजेल!"

"म्हणूनच फुंकणार न्हाईत," मामी शांतपणे म्हणाल्या. "भीती लागती माणसाला. तुझ्या मशीनला न्हाई लागत."

मामांनी गालभर पाणी धरलं. बैलाच्या दाताच्या उरलेल्या ओळी एकामागून एक नळ्यांत उतरल्या. संध्याकाळपर्यंत एकही वाया गेली नाही.

"उद्या," पाणी गिळून मामा म्हणाले. "उद्या सकाळी खरा."

शनिवारी सकाळी मामा नेहमीपेक्षा लवकर आले. मामींनी टेबल ओल्या फडक्यानं पुसलं, इतकं की खालचा हिरवा सनमायका पहिल्यांदाच दिसला. पंखा बंद. खिडकी बंद. दार मात्र उजेडासाठी अर्धं उघडं. मामांनी दात मेणात रोवला, डोळे मिटून क्षणभर थांबले, ओठ हलले, मग गालात पाणी घेतलं आणि करुणाकडं बघून भुवई उडवली. सुरू.

ओळ कोरायची. हात उचलायचा. करुणा ब्रशनं भुकटी कागदावर घ्यायची, नळीत सोडायची, झाकण, आकडा. मामा तेवढ्यात बर स्पिरिटनं पुसून वाळवायचे, एका ओळीचा कण दुसरीत जाता कामा नये. एक. दोन. तीन. मधेच मामांनी हात वर करून थांबवलं. करुणाला कळेना. दोन सेकंदांनी जमीन बारीक थरथरली, नळ्या एकमेकींवर किणकिणल्या. मालगाडी जाईपर्यंत मामा हात वर धरूनच बसले. स्टेशनापाशी इतकी वर्षं काढलेल्या माणसाला गाडी कानाआधी टाचेला कळते.

सात. आठ. नऊ. करुणाला वाटलं, आपण नाटकाच्या तालमीत बसलोय आणि समोर मुका अभिनय चाललाय. मामा गाल फुगवून, डोळे वटारून मामींना सांगत, दिवा जरा डावीकडं. मामी म्हणत, "कळलं, कळलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुमचं सगळं नीट कळतंय."

तेरावी झाली. चौदावी मामांनी कोरायला घेतली, पार टोकाला आली, आणि दारातून आवाज आला.

"डेव्हिड! ए डेव्हिड! मोदली रे कवदी!"

कासुर्डीचे हौसराव. गावात भजनी मंडळ चालवणारा उंचापुरा म्हातारा, डोक्याला फेटा, हातात रुमालात बांधलेले कवळीचे दोन तुकडे आणि तोंडाचं बोळकं. करुणा नळी ठेवून दाराकडं धावली. "आजोबा, जरा थांबा, आत येऊ नका, काम चाललंय—"

"काम चालूदे की! मी फकस्त दावतो. ऊस खाल्ला. एकच कांदं. तरी हा मला बोलला हुता, हौसराव, ऊस खाऊ नका—" हौसरावांनी तिच्या खांद्यावरून आत डोकावलं. टेबलाशी डेव्हिड. दोन्ही गाल टम्म फुगलेले, डोळे बाहेर, घाम, तोंडातून शब्द नाही.

"आगं आई गं," हौसराव कळवळून म्हणाले. "दातवाल्याचीच दाढ सुजली की!"

मामींना हसू फुटलं. करुणाला फुटलं. मामांच्या पोटातून ते वर आलं, छातीत आलं, गालांपर्यंत आलं. मामांनी ओठ दाबले, दाबून धरले, जिवाच्या करारानं धरले. पाण्याचा एक थेंब बाहेर आला नाही.

वारा नाकातून गेला.

एवढासाच. भुस्सकन. करुणा दाराशी हौसरावांना थोपवत होती, मामी पदर तोंडाला लावून भिंतीकडं वळल्या होत्या. फक्त मामांनी पाहिलं. चौदाव्या ओळीच्या काठावरची पांढरी वरंबी नव्हती. खाली कागदावर थोडी पडली होती, पण आता तिच्यात काय काय मिसळलं असेल कोण जाणे.

मामांचा हात दातावर तसाच होता. बर फिरत होता. नुसता अर्धा केस खोल नेला असता तर नळीपुरती भुकटी पुन्हा निघाली असती. कोणाला कळणार? एक्केचाळीस वर्षं त्यांचं कसबच ते होतं, जिथं काही नाही तिथं असल्यासारखं करायचं, आणि इतकं बेमालूम करायचं की आरशातल्या माणसालाही पत्ता लागू नये. खोटा दात खऱ्यासारखा. त्यांच्या हातात ती विद्या होती आणि समोर एवढीशी रिकामी जागा.

त्यांनी मोटर बंद केली. घोटभर आवाज करून पाणी गिळलं.

"करुणा."

तिनं वळून पाहिलं. मामा बोलतायत म्हणजे तोंडात पाणी नाही, एवढंच तिला आधी कळलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"चौदावी गेली, बाळ. नाकातनं. मी केली. खाली थोडी पडलीय, पण ती घेऊ नको, तिचा भरवसा न्हाई."

मामींनी तोंडावरचा पदर खाली घेतला. हौसरावांनी दारातून पाय मागं घेतला.

"अजून जरा खोल कोरून—" करुणा म्हणाली.

"मी बी तेच म्हणत होतो मनात. खोल गेलं की आतला थर लागंल, निराळ्या दिवसांचा. आकडा येईल, पण तो खोटा येईल. मी सांगितलं नसतं तर तुला कळलं बी नसतं."

करुणा टेबलाशी आली. चौदा आकडा लिहिलेली रिकामी नळी तिनं उचलली, खूप वेळ बोटांत फिरवली, मग झाकण लावून तशीच रिकामी ओळीत ठेवून दिली.

"आठ राहिल्यात, मामा. पाणी आणू?"

मामांनी मान हलवली. "नको. आता न्हाई लागायचं."

"फुंकलंत तर?"

"तुझं बरोबर हाय भ्यायचं." त्यांनी चष्मा पुसून पुन्हा नाकावर ठेवला. "पण आता तोंडाला कळलंय, काय हाय ते."

हौसराव पायरीवर बसले, रुमाल मांडीवर ठेवून, एखाद्याच्या ऑपरेशनला बसावं तसे. मोटर पुन्हा गुणगुणली. पंधरावी. सोळावी. प्रत्येक ओळीनंतर मामांचे ओठ आपोआप गोल व्हायचे, करुणा ब्रश हवेतच धरायची, आणि ते ओठ पुन्हा सपाट व्हायचे. एकोणिसाव्या ओळीला मामींनी नकळत नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. बावीस. करुणानं शेवटचं झाकण लावलं, नळ्यांचा स्टँड डब्यात ठेवला, डबा पिशवीत घातला, पिशवीची चेन ओढली.

"झालं?" मामांनी विचारलं.

"झालं."

मामा उठले, पायरीवर हौसरावांच्या शेजारी जाऊन उभे राहिले, आणि भर उन्हात, समोर काहीच नसताना, छातीत साठलेली सगळी हवा एकदम सोडून दिली. फूऽऽ. समोरचा रिक्षावाला दचकून बघायला लागला.

करुणा परत आली ती गणपती झाल्यावर. पेढे होते, आजीचा निरोप होता, आणि एक गुंडाळी केलेला मोठा कागद. टेबलावर पसरला तर त्यावर दोन रेघा.

"ही खालची पोपटमामाच्या बैलाची. बघा, जवळपास सरळ."

"आजारी होता का?"

"नाही हो! बारा महिने उसाच्या शेंड्याचं वाढं खाल्लं, बारा महिने मोटरचं पाणी प्याला. त्याच्या दाताला उन्हाळा-पावसाळा फारसा कळलाच नाही. आणि ही वरची आपल्याची."

वरची रेघ चढत होती, उतरत होती, पुन्हा चढत होती. करुणानं बोट फिरवलं. इथं पाणी आटत चाललंय, लांबलचक कोरडे महिने. इथं पाऊस. ओल्या दिवसांत गवत भरपूर. गवत वाळलं की खाणं झाडपाल्याकडं झुकतंय, म्हणजे त्याच्या चालायच्या टप्प्यात कुठंतरी झाडी होती. "एका दातावरून सगळा मुलूख सांगता येत नाही, मामा. पण एका जनावराचं एक वर्ष तरी सांगता आलं."

मामा कागदावर वाकले. बिंदू मोजत गेले. तेराव्यावर थांबले. तेरावा पार वर होता, पंधरावा एकदम खाली, आणि मधे काहीच नव्हतं. रेघ तिथं तुटलेली.

"पाऊस नेमका तिथंच आला का गं?"

"तिथंच कुठंतरी."

"म्हंजी मी मोक्याच्या जागीच माती खाल्ली."

"मामा, ऐका. पुण्यात मोठ्या लोकांसमोर हे दाखवलं. एक सर म्हणाले, मधली जागा तुटक रेघेनं जोडून टाका, बरं दिसेल. मी म्हटलं, नाही जोडणार. दुसऱ्यांनी विचारलं, हातानं कोरलंय ना, मग बाकीचे एकवीस नमुने चांगले आहेत हे कशावरून? मी म्हटलं, ज्यांनी चौदावा खराब झाला म्हणून स्वतः सांगितलं, त्यांनीच हे एकवीस चांगले आहेत म्हणून सांगितलंय. मग ते म्हणाले, पुढचं दाखवा."

मामांनी चष्मा काढला. तो पुसायला फडकं शोधायचा बहाणा पुष्कळ वेळ चालला.

"आणि हे तुमच्यासाठी," करुणानं कागदाखालची बारीक अक्षरं दाखवली. त्यात ओळी कोणी कोरल्या ते लिहिलं होतं: डेव्हिड साळवे, दौंड. एक्केचाळीस वर्षांत शेकडो तोंडांत त्यांचं काम गेलं होतं, नाव कुठंच गेलं नव्हतं.

मेरीमामींनी ते बोट ठेवून दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "माझं पाणी कुठं लिहिलंय?"

तो कागद आता दुकानात कॅलेंडरच्या शेजारी आहे. पुसला तरी आठवड्यात त्यावर भुकटी बसतेच. परवा हौसराव आले, नव्या कवळीनं लखलखीत बोलत.

"हे काय रे डेव्हिड? रेल्वेचं टाइमटेबल लावलंस का?"

"भीमेकाठच्या पावसाचं हाय. लई जुन्या."

"आन् मधी ही गाडी का रद्द झालीय?"

मामांनी हातातला दात उजेडात धरला, एक डोळा मिटला.

"ती मोकळी जागा व्हय? ती तुमची हाय, हौसराव."

"माझी?"

"निम्मी तुमची, निम्मी माझी," मामा म्हणाले, आणि दातावर हलकीशी फुंकर घातली.